शिनोलीच्या वेशीबाहेर

दि. १४/२/२००३

मी लंकाबाई गेणू मंडलिक, वय अंदाजे ५८ वर्षे, धंदा शेती, राहणार डिंगोरे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. समक्ष घोडेगाव पोलीस ठाण्यात येऊन, माझा मुलगा संपत याच्या जामिनाबाबत विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर मुलगा संपत, वय २९, याच्यासोबत राहते. पती हयात नाहीत. मुलगी इंद्रायणी शिनोली, तालुका आंबेगाव येथील सावळेराम यांना दिली होती.

चार वर्षांपूर्वी नागपंचमीला संपत तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून गेला. बाजरी खुरपायची आहे, पाठवत नाही, असे जावई म्हणाले. शब्दाने शब्द वाढला. संपतने कुदळीचा दांडा मारला आणि जावयांचा हात मोडला. संपतचे चुकले, हे मी तेव्हाही म्हटले व आजही म्हणते. केस चालली. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने गेल्या वर्षी त्याला तुरुंगात न घालता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. माझे दीर भिमाजी जामीन राहिले. दर महिन्याला परिविक्षा अधिकाऱ्यांपुढे हजेरी द्यायची आणि शिनोलीत पाऊल टाकायचे नाही, असे आम्हाला समजावून सांगितले.

संपतने ते पाळले. इंद्रायणीला कावीळ झाली तेव्हाही पाळले. मी तिला भेटायला जाई आणि तो घोडेगावच्या स्टँडवर बसून राही. एकदा मी परत आल्यावर म्हणाला, "लई वाळलीय का गं?" मी नाही म्हणाले. ते खोटे होते.

गेल्या महिन्यात सकाळी वाण्याच्या फोनवर इंद्रायणी गेल्याचा निरोप आला. सवाष्ण गेली की माहेरचे लुगडे अंगावर पडल्याशिवाय आमच्यात तिला उचलत नाहीत. ते भावाने आणायचे असते. संपतने जुन्नरला हिरवे लुगडे घेतले. दुकानदार पदर उलगडून दाखवू लागला व बहिणीला का, असे त्याने विचारले. संपत हो म्हणाला.

शिनोलीच्या वेशीपाशी तो थांबला. लुगडे माझ्या हातात देऊन म्हणाला, "आई, तूच ने. मला आत यायला बंदी हाय." मी नेले आणि माझ्या हाताने लेकीला नेसवले. तिरडी वेशीतून बाहेर आली तेव्हा संपतने तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारले, "बाबा, मसणात आलो तर चालंल का? कोर्टानं गावात यायचं न्हाई म्हनून सांगितलंय." ते म्हणाले, "येडा का खुळा तू? येशीच्या भाईर कुठं गाव आसतं? खांदा दे."

मलाही तसेच वाटले. आमच्याकडे गाव वेशीपर्यंत धरतात. नवरदेवाला वेशीवर ओवाळतात, देवाची पालखी वेशीवरून मागे फिरते. मसण गावात धरत नाहीत. म्हणून त्याने खांदा दिला. जावई मडके घेऊन पुढे होते.

पुढच्या हजेरीला संपतने अधिकाऱ्यांना हे आपणहून सांगितले. बहिणीला पोचवून आलो, पण गावात गेलो नाही, असे म्हणाला. कोणी चहाडी केलेली नाही. अधिकाऱ्यांनी बंधपत्र काढून वाचले. त्यात शिनोलीची हद्द लिहिली होती, आणि सरकारी हद्द मसणाच्या पुढे ओढ्यापलीकडे जाते. त्यांना कोर्टाला कळवणे भाग पडले. वॉरंट निघाले व परवा त्याला रानातून धरून नेले. हातावरची माती धुवायला वेळ दिला, हे खरे सांगते.

अट मोडली म्हणून धरलेल्यालाही चौकशी होईपर्यंत कोर्ट जामीन देऊ शकते, पण ते कोर्टाच्या मर्जीवर आहे, असे वकिलांनी सांगितले. नाही दिला तर तो आतच राहणार. अट मोडली असे ठरले तर जुन्या गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागणार. भिमाजी पुन्हा जामीन राहायला तयार नाहीत. कोर्टाने त्यांनाही बोलावले आहे, ते घाबरले आहेत. मी त्यांना बोल लावत नाही.

काल सावळेराम डिंगोऱ्याला आले. ओसरीखालीच उभे राहिले. म्हणाले, "मामी, जामीन मी ऱ्हातो."

मी म्हटले, "तुमचाच हात मोडला ना त्यानं?"

"व्हय. पन त्या दिशी तिला धाडली आसती तर काय बिघडत व्हतं?" असे म्हणून ते रडू लागले. मला ते बघवले नाही आणि माझा रागही गेला नाही. मी चहा ठेवला. कोर्टाने त्यांचा जामीन घ्यावा, माझी हरकत नाही.

सुटल्यावर संपत पुन्हा हद्दीत जाईल का, असे मला विचारले. तर साहेब, अट परत घाला, पाहिजे तेवढी लांब घाला. मसणात नेताना पोरीचे तोंड झाकलेले होते. भावाने ते पाहिले नाही. आता कोर्टाने परवानगी दिली तरी त्याने शिनोलीत जाऊन काय बघायचे?

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना एके ठिकाणी 'मयत' आले, तिथे मी थांबवून इंद्रायणी लिहायला लावले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. सही येत नाही म्हणून अंगठा दिला.