मोठ्या टेबलावर

ताई : आज डबा चक्क रिकामा आणलास. कुणी हात मारला की काय?

धाकटा : सगळ्यांनीच. आज मोठ्या टेबलावर जेवलो, ऑफिसातल्यांबरोबर.

ताई : म्हणजे बोलायला लागले तुझ्याशी?

धाकटा : मीच गेलो. तू म्हणत होतीस ना, एक पाऊल मागे घेतलं म्हणून माणूस झिजत नाही.

ताई : मग काय चुकीचं सांगत होते? जिन्यात बसून एकटा घास गिळायचास. कपडे सैल झालेत तुला. भांडण त्यांचं तुमच्या साहेब मॅडमशी आणि अबोला तुझ्याशी.

धाकटा : त्यांच्या तक्रारीवर मी सही केली नव्हती ना.

ताई : खोट्या तक्रारीवर करायचीच कशाला? तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. पण मॅडमची बदली झालीच की. तू अडून बसलास म्हणून थांबली का?

धाकटा : नाही थांबली.

ताई : मग झालं तर. तो टकल्या कॅशियर काय म्हणाला?

धाकटा : त्यानंच खुर्ची सरकवली. म्हणाला, या, रस्ता सापडला वाटतं. सगळे हसले. मग डबे फिरले. बरं वाटलं गं, खोटं कशाला बोलू.

ताई : मग तोंड का असं उतरलंय?

धाकटा : कॅशियर मॅडमची नक्कल करायला लागला. मान वाकडी करून. त्यांची मान आजारपणात तशी झालीय, सगळ्यांना माहितेय.

ताई : करू दे. तू कुठं केलीस?

धाकटा : मी हसलो.

ताई : अरे, चारचौघांत बसलं की येतं हसू.

धाकटा : आलं नव्हतं. आणलं.

(ताई डबा घासायची थांबते.)

धाकटा : दारात मॅडम उभ्या होत्या. राहिलेलं सामान न्यायला आल्या होत्या.

ताई : पाहिलं त्यांनी?

धाकटा : सगळं. त्या आत आल्या, कपाटातला कप आणि छत्री घेतली. जाता जाता माझ्या खुर्चीपाशी थांबल्या.

ताई : काय म्हणाल्या?

धाकटा : म्हणाल्या, बरं झालं, तुम्हाला जागा दिली यांनी.

ताई : टोमणाच तो. जाताना मारून गेल्या.

धाकटा : नाही गं, ताई. मनापासून म्हणाल्या.