भीमराज उजागरेचं एक मत

...आणि वर म्हणतात, आई देवभोळी असली की पोराचं भलं होतं! कोण म्हणतं? त्याला आणा इकडे घाटकोपरच्या टेकडीवर, आणि सुंदराबाई उजागरेच्या घरी मुलगा म्हणून चार दिवस ठेवा. हात जोडून खाली नाही उतरला तर बोला! अहो, देवभोळी आई चालते हो, उपास करते, गाणी म्हणते, आपलं काय जातं? पण खरं बोलणारी आई? आणि तीही निवडणुकीच्या दिवसांत? तुम्हाला सांगतो, भीमराजची पार वाट लागली!

आता सुंदराबाई कोण, तर मूळची नगरकडची मराठी ख्रिस्ती बाई. नवरा गेला, हिनं लोकांची पोलकी शिवून भीमराजला वाढवला. डोक्यावर पदर, रविवारी चर्च, कोणी भेटलं की 'सलाम', आणि तोंडात एकच वाक्य... होय तर होय, नाही तर नाही! प्रभूनं सांगितलंय म्हणे. सांगितलं असेल हो, पण प्रभूला काय टेकडीवर पाणी चढवायचं होतं?

पाणी! सगळं रामायण पाण्याचं. पंच्याऐंशी साल, म्युनिसिपालटीची निवडणूक, रणरणता उन्हाळा, आणि नळ कुठे? तर पार पायथ्याशी. वर यांच्या घरांच्या ओळीत थेंब नाही. भीमराजची बायको नीला, सातवा महिना, डोक्यावर हंडा, एक हात कमरेवर, पायऱ्या कसल्या, नुसते दगड... आणि मागून भीमराज दुसरा हंडा घेऊन, दर दगडाला याचा जीव वरखाली! एकदा तिचा पाय सरकला. हंडा गेला गडगडत, ती बसली दगड धरून. काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या दिवसापासून भीमराज झोपेतसुद्धा तिला धरायला हात पुढे करायचा.

अशात उगवला धोंडिराम. धोंडिराम म्हणजे छत्रीवाल्या साहेबांचा माणूस. साहेबांची निशाणी छत्री, आणि याच्या हातात नारळ! "बघा, ओळीतल्या एकूण एक घरानं शपथ घ्यायची, मत छत्रीला. मग पाइप. एक घर राहिलं तर पाइप नाही, काय?" ठेवले सगळ्यांनी हात. का नाही ठेवणार? शेजारच्या जानकीकाकूंनी, मालवणच्या त्या, दोन्ही हात ठेवले! आणि धोंडिरामची पाठ वळली तशा देवापुढे उभ्या राहून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या मेल्यान पाण्यासाठी शपथ घेवक लावल्यान, ती तू मनार घेव नको रे म्हाराजा!" झालं! शपथ रद्द! आहे की नाही सोय?

पण सुंदराबाईच्या दारात नारळ चालत नाही हे धोंडिरामला ठाऊक. म्हणून पठ्ठ्यानं कुठूनसं यांचं शास्त्र, म्हणजे बायबल, पैदा केलं, पिवळ्या फडक्यात गुंडाळून! "मावशी, आपण सगळ्यांच्या देवाला मानतो. ठेवा हात."

"बस," सुंदराबाई म्हणाली. "सलाम. आता उघड ते." आणि पान काढून दिलं. "वाच."

धोंडिराम वाचतोय, अडखळत, प्रत्येक ओळीवर बोट फिरवत... शपथ घ्यायचीच नाही. आकाशाची नाही. पृथ्वीची नाही. स्वतःच्या डोक्याचीसुद्धा नाही... थांबला. घाम पुसला. "मावशी, हे तुम्ही लिहून घेतलंय काय हो?"

"प्रभूनं सांगितलंय. होय तर होय, नाही तर नाही. मत मी गुडघे टेकून ठरवते. देव विचारणार मला, तुझ्या हाती एवढंसं राज्य दिलं होतं, कोणाला दिलंस? तेव्हा मी काय सांगू, धोंडिरामनं पाइप दाखवला म्हणून त्याला दिलं?"

"म्हणजे छत्रीला नाही?"

"नाही."

अहो, हळू तरी बोला! अख्खी टेकडी सगळ्या पक्षांना 'हो हो, तुम्हालाच' म्हणते. तोंडावर 'नाही' ऐकायची त्या धोंडिरामला सवयच नव्हती. शास्त्र काखेत मारून उठला तो, चपला उलट्या घालून गेला.

आणि मग? मग ओळ उलटली. कालपर्यंत जिच्याकडून पोलकी शिवून घेतली, तिच्या दारावरून बाया मान वळवून जायला लागल्या. "एका घरापायी पाइप अडला!" खोटं होतं का? नव्हतं. तेच तर वाईट.

भीमराज गेला चर्चच्या पाळकसाहेबांकडे. श्यामकांत पाळक, चांगला माणूस, पण बोलणं म्हणजे प्रवचनच. "भीमराज, मत ही देवानं दिलेली जबाबदारी आहे. ती विकायची नाही. मात्र पाणी हीसुद्धा देवाचीच देणगी आहे."

"म्हणजे करू काय, साहेब?"

"प्रार्थना कर." आणि मग त्या भल्या माणसानं चष्मा काढला, खाली बघून म्हणाला, "माझ्या घरात नळ आहे रे. मी तुला कोणत्या तोंडानं सांगू?"

आता तुम्हीच सांगा, काय करावं माणसानं? डोळ्यांपुढे ती नीला, तो दगड, तो गडगडणारा हंडा... पाळकसाहेबांच्या घरून निघाला तो सरळ धोंडिरामच्या कचेरीत. "घरातला कर्ता मी. माझी शपथ चालेल?" "पळेल!" फडकं सुटलं. भीमराजनं डोळे मिटले आणि शास्त्रावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाइप आले! लोखंडी, जाडजूड, ओळीच्या तोंडाशी रचून ठेवले. "जोडणी मतदान झाल्यावर," धोंडिराम म्हणाला. बायांनी भीमराजची दृष्ट काढली. आणि घरात? घरात सुतक. नीलानं विचारलं, "हंडा मी वाहते ना? मग मला एकदा विचारायचं तरी." बरोबर होतं तिचं. आणि वर भीमराजला स्वतःला मत द्यायचं होतं कुंदाताईंना! पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसवर हंड्यांचा मोर्चा नेणाऱ्या, निशाणी शिवणयंत्र. मोर्च्यात बॅनरची एक काठी कोणाच्या हातात होती? याच भीमराजच्या!

जानकीकाकूंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अरे खुळ्या, जबरदस्तीची शपथ देवाक लागत नाय! तुमच्यात नाय गाऱ्हाणा?"

भीमराज आईकडे बघतो, बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसा. "आई, आहे का गं आपल्यात तसं काही?"

सुंदराबाईचं शिलाई मशीन थांबलं. "जानकी खरं बोलते. तिच्या दारात येऊन तिचा गळा धरला होता. तुझा कोणी धरला? तू चालत गेलास, बाळा. म्हणून तर प्रभू म्हणतो, घेऊच नका. एकदा घेतलीस की मत तुझं राहत नाही, आणि मोडलीस तर शब्द तुझा राहत नाही." रागावली असती तर परवडलं असतं हो! ती रडत होती.

मतदानाचा दिवस. शाळेचा वर्ग, बोटाला शाई, हातात मतपत्रिका, पुठ्ठ्याच्या आडोशामागे भीमराज आणि तो रबरी शिक्का. बघायला कोणी नाही. धोंडिराम नाही, जानकीकाकू नाहीत. समोर शिवणयंत्र... आईनं आयुष्यभर चालवलं तसलंच. मारला असता शिक्का तर कोणाला कळणार होतं? तेवढं सोपं असतं तर कशाला एवढं बोललो असतो! बाहेरचा साहेब ओरडला, "अहो, झोपलात की काय?" भीमराजनं शिक्का मारला. छत्रीवर.

फाटकाशी आई उभी. "दिलं?"

"दिलं."

"दिलं नाहीस रे. पोचवलंस," म्हणाली, आणि त्याचा हात धरून टेकडी चढायला लागली.

निकाल लागला. छत्री पडली. कुंदाताईही पडल्या. निवडून कोण आला? तिसराच! ज्यानं टेकडी लांबूनसुद्धा पाहिलेली नव्हती. आणि आमच्या टेकडीच्या पेटीत छत्रीला मतं निघाली नखभर. संध्याकाळी धोंडिराम आला, माणसं घेऊन, पाइप उचलायला! सगळी ओळ दारात, नीला पोटावर हात ठेवून उंबऱ्यात. धोंडिराम सरळ सुंदराबाईपुढे येऊन उभा. "बाकीच्यांनी नारळावर हात ठेवला होता. दगा दिला तो तुमच्याच घरानं! पोरानं शास्त्रावर हात ठेवला, पण एक मत तरी आहे का या घरातलं आम्हाला?"

सुंदराबाईनं मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. होय तर होय, नाही तर नाही... "होय," म्हणाली. "एक आहे."

धोंडिराम हसायला लागला. "वा, मावशी! सगळ्या टेकडीवर खोटं न बोलणारं एक माणूस होतं, तेही बिघडवलं या निवडणुकीनं!"

आणि तिथे, तुम्हाला सांगतो, भीमराज पुढे झाला. आईवर आळ आला तो त्याला नाही बघवला. कुंदाताईंच्या मोर्च्याला गेलेल्या सगळ्या बाया समोर, तोंड काळं होणार हे ठाऊक, तरी म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. "माझं आहे ते मत. मी दिलं छत्रीला."

आणि सगळी ओळ कौतुकानं बघायला लागली. जानकीकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. "आवशीसाठी कसो खोटा बोललो बघ, गुणाचो झील!"

धोंडिरामनं पाइप उचलले. खाली नळाला पाणी आलं, बाया हंडे घेऊन धावल्या. भीमराज तिथेच उभा, शाईचं बोट वर धरून, "अहो खरंच... अहो ऐका तरी..." कोण ऐकतंय! सबंध आयुष्यात एकदा छाती करून खरं बोलला बिचारा, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला माणूस नाही. तुमचा तरी बसला का?

...नाही ना? जाऊ द्या.