चिकटवलेला जोड

(फोनवर. मुलगी डिझाइन ऑफिसात, वडील बांधकामावर.)

मुलगी : ते नंतर सांगा, बाबा. बीमखालचे टेकू काढलेत का?

वडील : काढले की, अर्ध्या तासापूर्वी! माझ्या लेकीचा जोड आहे म्हणून सगळ्या टोळीला ऐकवून झालंय माझं.

मुलगी : माणसं कुठे आहेत?

वडील : वर, बीमवर. मीही जोडापाशीच बसलोय. का गं? आवाज का असा?

मुलगी : चुकलंय माझं. बीमची प्लेट खांबाला बोल्टांनी धरलीय ना, ती मी कॉम्प्युटरमध्ये नुसती चिकटलेली दाखवली. दोन्ही प्लेटा एकजीव. मग बोल्टांवर ओढ येणार कुठून? चित्र हिरवंगार आलं, आणि मी सहा बोल्टांवर सही केली.

वडील : चिकटवायला ती काय पाकिटं आहेत?

मुलगी : थट्टा नको हो. आत्ता दुरुस्त करून पुन्हा चालवलं. प्लेट वरून उचकटतेय. वरचे दोन्ही बोल्ट लाल.

वडील : लाल म्हणजे?

मुलगी : तुटतील.

वडील : ...साहेबांना सांगितलंस?

मुलगी : आधी तुम्हाला. नोकरी गेली खड्ड्यात. वरच्या बोल्टाशी फट दिसतेय का, तेवढं बघा.

वडील : थांब. ...हो. पोस्टकार्ड जाईल एवढी. सकाळी नव्हती गं, मी स्वतः नख घालून पाहिलं होतं.

मुलगी : आई गं! बाबा, मला खूप भीती वाटतेय.

वडील : मलाही वाटतेय. काय करू ते सांग.

मुलगी : सगळ्यांना उतरवा. मग क्रेनने बीम तोलून धरा आणि टेकू परत लावा.

वडील : ए, हत्यारं राहू द्या तिथंच! एकेक जण उतरा, धावायचं नाही! क्रेनवाले, हूक आणा इकडे!

मुलगी : बाबा?

वडील : आहे, आहे. उतरतायत. सात... आठ...

मुलगी : तो आवाज कसला?

वडील : बोल्ट कुरकुरला. तू फोन ठेवू नकोस.

मुलगी : नाही ठेवत. किती उतरले?

वडील : अकरा.

मुलगी : तुम्ही धरून बारा आहात ना?

वडील : हूक आलाय, बाळा. पट्टा अडकवायला कुणीतरी वर लागतंच.