मंदारचं ढिलं सॅडल

मंदारला 'नीट बसतंय का?' असं कधी विचारू नका, माझं ऐका! इंग्लंडमध्ये मेडनहेडला असताना आम्ही दोघं झाडावर बसून हरणांचे फोटो काढणार होतो. त्यासाठी शिकारी लोक वापरतात ते सॅडल, म्हणजे झाडाला टांगून बसायचा पट्ट्यांचा झोपाळा, त्याने आपल्या धिप्पाड मॅनेजरकडून मागून आणलं.

वर चढण्याआधी जमिनीलगत लटकून बघायचं असतं. मी विचारलं, "ढिलं नाही ना?"

"चालेल रे."

"चालेल काय? अख्खा हात जातोय आत! लहान साइज मागायची ना!"

"त्याने एवढं प्रेमाने दिलंय. बरं दिसत नाही."

माझं डोकंच फिरलं. तोवर हा मागे रेलला, पट्टा सरकला आणि गडी उलटा! पाय वर, टक्कल गवताला टेकलेलं. तेवढ्यात कुत्रा फिरवणाऱ्या एक आजी थांबल्या. "यू ऑल राइट, लव्ह?"

आणि हा महाभाग उलटा लटकून, हसून म्हणतो, "फाइन, थँक यू! अँड यू?"

सोडवायला पुढे केलेला हात मी मागे घेतला. म्हटलं, "फाइन ना? मग लटक!" आणि त्याच्यासमोर बसून त्याच्याच डब्यातली सगळी थालीपीठं संपवली.