जॅकवरचा सागाचा ठोकळा

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय कार्यपालन यंत्री साहेब, व्यासपीठावर बसलेले आमचे जुने हेडक्लार्क बंडोपंत, भरवेलीच्या खाणीतली पाळी संपवून थेट इथे आलेली मित्रमंडळी, समोर बसलेल्या माताभगिनी, वर्कशॉपमधले माझे सहकारी, आणि आज निवृत्त होणारे, गळ्यात हार घालून अवघडून बसलेले सत्कारमूर्ती श्री. शालिकराम शिवणकर, आपणा सर्वांना या गुणाकरचा नमस्कार.

इथला कारभार हिंदीत चालतो, तरी अध्यक्षसाहेबांनी मला मराठीतून बोलायची मुभा दिली, त्याबद्दल आभारी आहे. मागच्या रांगेतल्या तरुण मंडळींना यातलं निम्मं कळेल. उरलेलं त्यांनी घरी आजीला विचारावं. मी या सरकारी वर्कशॉपचा सुपरवायझर आणि शालिकरामजी हेडमिस्त्री. बारा वर्षं मी हुकूम सोडले आणि काम त्यांनी केलं, हे इथे सगळ्यांनाच माहीत आहे. आज त्यांचं कौतुक तर करायचंच आहे, पण मला एक कबुलीही द्यायची आहे. ती न देता ते संध्याकाळच्या लांजीच्या बसमध्ये बसले, तर मला ते फार जड जाईल.

कौतुक आधी. आपल्या चाकांवर ढकलायच्या जॅकची, गाडी उचलणारी वाटी लोखंडाची. ती गाडीच्या पोटाला थेट लावली की पत्रा दबतो, रंग निघतो, आणि पावसाळ्यात चिखल बसून तिथूनच गंज धरतो. म्हणून शालिकरामजी वाटी आणि गाडी यांच्यामध्ये सागाचा एक ठोकळा ठेवत. आधी स्वतः जमिनीवर आडवे होऊन हातानं जागा चाचपायचे, ऑइलचं चेंबर टाळायचे, पुढच्या जाड आडव्या पट्टीखाली ठोकळा बसवायचे, मगच जॅकचा दांडा मारायचे. गाडी वर गेली तरी खाली टेकूला लोखंडी घोड्या लावल्याशिवाय कुणाला आत सरकू देत नसत. मी त्यांना चिडवायचो, "अहो, साहेबांना वरचा रंग दिसतो, खालचा कोण बघतं?" ते म्हणायचे, "वरून तं सारेच पुसतेत साहेब. खालून पाहाले कोनी नाई, म्हून तं जपा लागते."

तो ठोकळा इथल्या प्रत्येकानं पाहिला आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, तेलानं काळाभोर, आणि दोन कोपऱ्यांत दोन पितळी फुलं ठोकलेली. जॅकच्या ठोकळ्याला फुलं कशाला, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आम्ही शिकलेली माणसं ना!

एकसष्टच्या जानेवारीत वरून पाहणी येणार होती. शालिकरामजी दोन दिवस घरी लांजीला गेले होते. मी वर्कशॉप झाडून घेतलं. थंडी कडाक्याची, शेकोटीला लाकूड हवं होतं, आणि कोपऱ्यात तो तेलकट ठोकळा पडला होता. पडला होता कसला, त्यांनी तो पोत्यात नीट गुंडाळून ठेवला होता. मी तो उचलून शेकोटीत टाकला. प्रेमलाल ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, हे शालिकदादाचं होय." मी म्हटलं, "एका लाकडाचं काय घेऊन बसलास? दुसरं देऊ." तेल प्यालेला साग छान पेटला आणि आम्ही सगळ्यांनी हात शेकले. त्याच दुपारी पाहणीला आलेल्या साहेबांची अँबॅसडर मी घाईघाईत नुसत्या जॅकवर चढवायला लावली आणि चेंबरला भला मोठा पोचा पडला.

दुसऱ्या दिवशी शालिकरामजी आले. पोचा काढला. मग विझलेल्या शेकोटीपाशी बसून काडीनं राख उकरत राहिले. मी विचारलं, "काय शोधताय?" म्हणाले, "काई नाई साहेब." दोन पितळी फुलं सापडली, ती खाकी बाहीला पुसून त्यांनी खिशात टाकली. त्यानंतरच्या दिवशी जॅकवर पुन्हा तसाच ठोकळा, तशीच दोन फुलं. मी मनात म्हटलं, बघा, झाला की नाही दुसरा.

तीन वर्षांनी त्यांच्या मुलीच्या, आशालतेच्या लग्नाला मी लांजीला गेलो. जेवायला बसताना गुडघा वाकेना, म्हणून थट्टेत म्हटलं, "शालिकरामजी, घरात एखादा पाट नाही का?" वाढणाऱ्या मैनाबाई, त्यांच्या थोरल्या बहीण, आज समोर बसल्या आहेत. त्या म्हणाल्या, "होता जी एक. आमच्या सीतेचा, याच्या बायकोचा. तिच्या बापानं लगनात देल्ला होता, चारी कोपऱ्याले पितळी फुलं ठोकून. ती आशीच्या जनमाच्या वक्ताले गेली. मंग यानं त्यावर कोनाले बसू नाई देल्लं. एक दिवस आरी घेतली अन् मधून कापला." फुलं म्हणताच मला ती शेकोटी आठवली.

बसपर्यंत ते मला सोडायला आले. मी विचारलं, "का कापलात?" ते म्हणाले, "घरी पुरा दिसे तं वाटे, आता सीता येईन अन् बसन. अर्धा कामावर नेला. रोज हात तं लागते साहेब." मी जाळला तो हा अर्धा. नंतर त्यांनी घरातला दुसरा अर्धा आणला होता. "मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" "सांगून काय होते? तुमाले मालूम असतं तं जाळला असता काय?"

त्यानंतर चार वर्षं मी रोज माफी मागायची म्हणून घरून निघालो आणि शेडमध्ये येऊन "गाडी झाली का?" एवढंच विचारलं. शालिकरामजी, उद्या सकाळी जॅकची चाकं फरशीवर वाजतील आणि मी सवयीनं खिडकीतून बघेन. गाडीखाली तुमचे पाय दिसणार नाहीत. मला तुमची फार आठवण येईल.

मागच्या शनिवारी यांनी तो ठोकळा माझ्या हातात दिला. म्हणाले, "मी तं चाललो. हा गाडीले लागते, राहू द्या." मी घेतला, पण शेडमध्ये ठेवला नाही. वर्कशॉपसाठी फकिरा सुताराकडून बाभळीचा नवा ठोकळा करून घेतला आहे, वर जुन्या टायरचं रबर ठोकून. माणिक, उद्यापासून जॅक तुझ्या हाती आहे, तो ठोकळा विसरायचा नाही.

अध्यक्षसाहेबांनी वेळ दिला, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. शालिकरामजींकडे मात्र माझं मागणं वेगळं आहे.

या कापडाखाली पाट आहे. तुमच्या अर्ध्याला फकिरानं नवा साग जोडला. जोड दिसतो, दिसू दे म्हटलं. जुन्या बाजूवर जॅकच्या वाटीचं वर्तुळ उमटलं आहे, ते मी घासू दिलं नाही. सत्कारमूर्तीला पाटावर बसवायची आपली रीत आहे, पण मी तुम्हाला यावर बसा म्हणणार नाही. ती जागा कोणाची आहे, ते आता मला ठाऊक आहे. नव्या बाजूच्या दोन कोपऱ्यांत दोन खाचा रिकाम्या सोडल्या आहेत. राखेतली फुलं तुमच्याकडे आहेत. मला क्षमा करणं तुम्हाला जमलं, तर कधीतरी ती तिथे बसवा.

अहो, उठू नका, हार सांभाळा. खिशात काय शोधताय? म्हणजे इतकी वर्षं ती खिशातच आहेत?

माणिक, शेडमधून लहान हातोडी घेऊन ये. मी माझे दोन शब्द इथेच संपवतो.