लाल राजा आणि डावा कालवा

न्हाई, मला एक सांगा, सतरा बार हरलेला माणूस अठराव्या बारीला जिंकला, तं त्याच्या घरात पेढे वाटायला पाहिजेत का न्हाई? वाटायला पाहिजेत ना? मंग माझ्याच घरात जिंकल्याच्या दिवशी नुसता कढी-भात! अन् तो बी कोणी कोणाशी न बोलता! तुम्ही हसून राह्यले, हसा, पण आधी पुरतं ऐकून तं घ्या...

तुम्हाला सांगतो, मी रामकिसन, पाटकरी. पाटकरी म्हणजे काय, तं डाव्या कालव्यातून वावरांकडं जाणाऱ्या चारीवर सायकल घेऊन फिरायचं, दारं उघडायची, दारं लावायची, अन् कोणाच्या वावरात पाणी कधी जाणार त्याची यादी सांभाळायची. बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो अन् तीच सगळ्या तालुक्याला शिकवून राह्यलो. बारी सोडायची न्हाई! मंगळवारी चार वाजता तुमच्या पाण्याची बारी, तं चारला तुम्ही फावडं घेऊन बांधावर पाहिजे म्हणजे पाहिजे. घरी पाहुणे आले? बसू द्या. सोयरा वारला? तो थांबतो, त्याला कुठं जायची घाई हाये, पाणी थांबत न्हाई! तुम्ही न्हाई घेतलं तं शेजारचा घेतो, अन् मंग तुम्ही येता माझ्याच सायकलीच्या आडवे. म्हणून बारी सोडायची न्हाई!

आता असा माणूस कॉम्प्युटरच्या गेमपुढं बसला तं काय होईल?

कॉम्प्युटर माझा न्हाई हां, पोरीचा. इंद्रायणी माझी, एकुलती एक. जालन्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला तिनं, दोन वर्षं रोज अंबड-जालना, जालना-अंबड, एसटीच्या पासावर, निम्मे दिवस उभ्यानं. मैत्रिणी जालन्यालाच खोली करून राहत होत्या, ही बी म्हणाली, आप्पा मी राहू का? म्हणलं बिलकुल न्हाई. संध्याकाळी सातला पोरगी घरात दिसली पाहिजे. तं तिच्यासाठी औरंगाबादहून जुना कॉम्प्युटर आणला अन् त्याच्यात आधीच्या मालकाचा एक गेम राहून गेल्ता. लढाईचा. पण धावपळीचा न्हाई, तसला असता तं मी हातच लावला नसता. ह्याच्यात आपला निळा राजा, समोर लाल राजा, मधी सगळं चौकटी-चौकटीचं रान. आधी आपण आपले सगळे गडी एकेक घर हलवायचे, कोपऱ्यातलं बटण दाबायचं. मंग लाल राजानं त्याचे हलवायचे. मंग परत आपण. मी पाह्यलं अन् म्हणलं, अरे, ही तं बारी हाये! हे तं माझंच खातं निघालं!

इंद्रायणीनं पहिल्याच दिवशी समजावून सांगितल्तं. 'आप्पा, ज्या गड्याला हलवायचं न्हाई ना, त्याच्यावर एच दाबायचं. तो तिथंच पाय रोवून बसतो, उलट ताकद वाढते त्याची.' मी म्हणलं, हलवायचं न्हाई म्हणजे? फुकटची बारी आलेली सोडून द्यायची? माझ्यासमोर? तू शिकवू नको!

अन् तो गेम बी असा बेरका, की एखाद्या गड्याला हलवायचं राह्यलं तं तो आपला लुकलुक, लुकलुक करत राहतो. आता मला सांगा, दाराशी उभा राहून कोणी 'पाटकरी, माझी बारी, माझी बारी' करून राह्यला तं तुम्हाला बसवंल का? मला न्हाई बसवत. मी एकूण एक गडी हलवायचो. पुढं काम असो नसो! अन् तसं करूनच पहिली पायरी, ईझी, जिंकलो, दोन दिवसांत. ईझीतला लाल राजा म्हणजे जेवून आडवा झालेला पाहुणाच. मीडियमला पंधरा दिवस लागले, पण जिंकलो. मंग आलं हार्ड.

चार महिने! चार महिने मी त्या हार्डला अडकलेलो. पंचविसाव्या बारीपर्यंत सगळं बराबर, धान्य भरपूर, गडी भरपूर, मी आपला मिशा कुरवाळून राह्यलो... अन् तिसाव्या बारीला तो लाल राजा जंगलातून असा निघायचा, असा निघायचा, की माझे सगळे गडी रानभर पांगलेले अन् किल्ल्यात कोण? तं निळा राजा अन् एक भाजीवाली! एकदा तं जिंकतच आल्तो, पण तेवढ्यात लोडशेडिंग. लाईट आल्यावर पाहतो तं परत पहिली बारी.

त्यात सल्ला द्यायला मागं खुर्ची टाकून बद्रीनाथ. शेजारी हाये, एसटीत कंडक्टर. आता कंडक्टर माणूस लढाईत काय सल्ला देणार? 'पुढं सरका! पुढं सरका! मधी जागा हाये, काऊन घुटमळता? चला, पुढं सरका!' मी सरकायचो. लाल राजा मागून यायचा. अन् हा म्हणायचा, 'हां, मागच्या दारानं आला वाटतं.'

हे आपलं गमतीगमतीत चाललं होतं हो. पण दिवाळी झाली अन् पुण्याहून पत्र आलं. कंपनीचं. इंद्रायणीला नोकरी! एक डिसेंबरला हजर व्हा.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला न्हाई. म्हणलं, पुण्याला एकटी कशी राहशील? म्हणे, 'हॉस्टेल हाये आप्पा, खोलीत सहा पोरी हायेत.' म्हणलं, मंग त्या सहा बी एकट्याच झाल्या की! म्हणे, 'आप्पा, ही बारी परत येणार न्हाई.' म्हणलं, बारीचं मला शिकवती? शब्दाला शब्द वाढला, आवाज वाढला, अन् ती फटकन म्हणाली, 'तुमचं तसंच हाये. कोणालाच एका जागी सुखानं राहू द्यायचं न्हाई. म्हणून तं चार महिने हार्ड जिंकता येईना!'

लागलं हो मला. माणसाला काय लागंल ते सांगता येत न्हाई. मी म्हणलं, जिंकलो तं? हार्ड जिंकलो तं घरी राहशील?

तिनं पत्राची घडी घातली. अन् मंग म्हणाली, 'राहीन. तीस तारखेपर्यंत जिंकले तं पत्र फाडून टाकते. न्हाई जिंकले तं मुकाट्यानं माझी बॅग उचलून स्टँडवर यायचं.'

आमची सुगंधाबाई, इंद्रायणीची आई, तिकडं लसूण सोलून राह्यल्ती. तिनं सूप बाजूला ठेवलं. 'वा! माणसं जमिनी लावतात, दागिने लावतात. ह्यांनी पोरगी लावली! अन् ती कशावर, तं टीव्हीतल्या बाहुल्यांवर!'

मंग काय, ड्युटीवरून आलो की मी अन् लाल राजा. चौदा, पंधरा, सोळा... हरून राह्यलो. अन् सगळ्यात डोक्याला ताप कोणाचा, तं एका घोडेस्वाराचा. टेहळणीवाला हो. त्याचं काम एवढंच, की दूरच्या टेकडीवर जायचं अन् लाल राजा कुठून येतो ते पाहायचं. मी त्याला धाडायचो. पण तो तिथं एकटा दिसला की माझा जीव वरखाली. रान अनोळखी, आसपास आपलं कोणी न्हाई... की बोलाव माघारी! घरी आला की वाटायचं, आता टेहळणी कोण करंल? की धाड परत! सगळा गेम तो बिचारा जा-ये, जा-ये, जसा काही त्याचा बी अंबड-जालना पासच काढलेला. अन् लाल राजा यायचा तेव्हा तो नेमका वाटंत असायचा. सतरावी बार हरलो तेव्हा तारीख होती सत्तावीस. कॅलेंडरकडं पाह्यलं, तं हातात तीनच दिवस. ती आतल्या खोलीत लहानपणचे फ्रॉकातले फोटो पिशवीत भरून राह्यल्ती.

दुसऱ्या दिवशी चारीवर गेलो. चारीच्या पार शेवटाला झुंबरबाईचं वावर, दीड एकर कापूस. शेवटाला पाणी पोचता पोचता जीव जातो, तिच्यासाठी मी वरच्या तिघांशी भांडून पाणी आणल्तं. म्हणलं, झुंबरबाई, घ्या, तुमची बारी! तं म्हातारी बांधावर बसलेली, उठंना. 'न्हाई लागत आज. जाऊ दे पुढं.'

अहो, बावीस वर्षांत हे कोणी म्हणलं न्हाई मला! मी म्हणलं, डोकं ठिकाणावर हाये का? शेवटाचं वावर अन् पाणी न्हाई म्हणता? बारी सोडायची न्हाई!

तिनं ढेकूळ उचललं, हातावर फोडलं अन् माझ्या नाकासमोर धरलं. 'ओल हाये का न्हाई? मागच्या बारीचंच पाणी अजून जमिनीत हाये. आज आणखी दिलं तं कापूस पिवळा पडंल. तुला काय, दार उघडलं की काम झालं. रामकिसन, दिलेलं वाया जात न्हाई रे, आत राहतं. पण त्याला त्याचं काम करायला टाईम तं देशील का न्हाई?'

मी तिच्या कापसाकडं पाह्यलं. वरच्या तिघांचा पिवळा, एकही बारी न सोडणाऱ्यांचा. अन् शेवटाच्या म्हातारीचा काळाभोर हिरवा, बोंडांनी लगडलेला! बावीस वर्षं त्या बांधावरून सायकल नेली, पण कापसाकडं कधी पाह्यलंच न्हाई, यादीकडंच पाह्यलं.

एकोणतीसला सुट्टी काढली. दुपारी बसलो. बद्रीनाथ मागं. निम्मे गडी भिंतीवर चढवले अन् आयुष्यात पहिल्यांदा बोट नेलं एचवर. तुम्हाला सांगतो, बोट जाईना! दात आवळून दाबलं. लुकलुक बंद. दुसऱ्यावर एच. लुकलुक बंद. बद्रीनाथ ओरडून राह्यला, 'अहो पुढं सरका! जागा हाये!' म्हणलं, बद्रीनाथ, आज गाडी डेपोतच थांबणार. अन् तो घोडेस्वार... त्याला टेकडीवर धाडला. तो लुकलुकला. एकटा. चारी बाजूंनी अंधारं रान. माझं बोट माघारी बोलवायला गेलं बी होतं. डोळे मिटले अन् एच.

अठ्ठाविसाव्या बारीला त्यानंच दाखवलं! लाल राजा नदीकडून येऊन राह्यला, चार घरं दूर. मला चार बाऱ्या आधी कळलं! तो आला, भिंतीवर आपटला, परत आपटला, माझे गडी पाय रोवून बसलेले, एक हालंना. अन् त्याचे थकल्यावर मंग मी निघालो. एक्केचाळिसाव्या बारीला लाल झेंडा खाली! मी खुर्चीवरून उठून नाचलो. बद्रीनाथनं तोंडानं डबल बेल दिली.

अन् मागं वळून पाहतो तं इंद्रायणी दारात उभी. हातात ते पत्र.

'जिंकले तुम्ही, आप्पा,' म्हणाली. रडली न्हाई, काही न्हाई. नुसती हसली, अन् ते हसू काही चांगलं नव्हतं.

बद्रीनाथ हळूच मागच्या दारानं सटकला. सुगंधाबाई हात पुसत आली, पडद्याकडं वाकून म्हणते, 'हा टेकडीवर कोण हो, एकटाच?'

म्हणलं, टेहळणीवाला.

'एवढ्या लढाईत त्याला काही झालं का?'

न्हाई.

'मंग त्याला घरी काऊन न्हाई बोलावलं?'

मी म्हणलं, 'बोलावलं असतं तं हरलो असतो...'

अन् जीभ चावली. पण तोवर तोंडातून निघून गेल्तं हो! सुगंधाबाई कढीला फोडणी द्यायला निघून गेली. तोच तो कढी-भात! तिघं बसलो, कोणी कोणाकडं पाहीना. दोन वर्षं पोरीला उभ्यानं जा-ये करायला लावली मी, कशासाठी, तं सातला माझ्या डोळ्यासमोर दिसावी म्हणून. शेवटी ताटाकडं पाहतच म्हणलं, 'इंदे, तुझ्या त्या बॅगचा बंद काही धड न्हाई. माझी लोखंडी पेटी घेऊन जा.'

पत्र तिच्या हातातून कढीत पडलं. हळदीचा डाग घेऊनच ते कंपनीत गेलं.

तीस तारखेला पेटी मीच उचलली. जिंकून बी! पुण्याच्या गाडीवर बद्रीनाथनं मुद्दाम ड्युटी लावून घेतल्ती, तिला खिडकीची जागा धरून ठेवल्ती, अन् त्या दिवशी गडी एकदा बी 'पुढं सरका' म्हणाला न्हाई.

आता चार महिने झाले. पोरगी मजेत हाये. कॉम्प्युटर इथंच ठेवून गेली, म्हणे, 'आप्पा, हार्डच्या वर अजून एक हाये.' फोन करती दर रविवारी दहाला. पण मधी सोमवार येतो, मंगळवार येतो... मी आपला रोज लावायचो. जेवली का? दार लावलं का? छत्री हाये का? मार्च महिन्यात! आठ दिवस तिनं ऐकून घेतलं. नवव्या दिवशी तिकडून एवढंच म्हणाली, 'आप्पा... एच दाबा.'

आज गुरुवार हाये. सकाळपासून तीन बार फोन उचलला, तीन बार ठेवला. तिथं तो फोन लुकलुकून राह्यलाय... अन् बावीस वर्षं साऱ्या तालुक्याला 'बारी सोडायची न्हाई' म्हणून ओरडणारा हा पाटकरी रविवारपर्यंत एच दाबून बसलाय.