निवदातलं मीठ

माझं म्हायार म्हसवडाकडचं, माण देशातलं, तितं पाऊस म्हंजी पाहुना, आला तर आला न्हाईतर वाट बगत बसायची, तवा ताटाभाईर सांडलेला दाना बी आमी बोटानं टिपून खायचो, आन् बाराव्या वर्साला लगीन हून आले ती हितं उंब्रजाच्या बाजूला, नदीकाठाला, उसाच्या घरात. हितं खायाप्यायला ददात नव्हती, पर माझी खोड काय गेली न्हाई बगा. कुनी अन्न टाकलं की माझ्या डोक्यात सनक जायाची, आन् जिभंला तर हाड कवाच नव्हतं. आत्याबाई, म्हंजी आमची सासू, म्हनायची, थोरली कामाला वाघीन हाय पर बोलली की इंगळी डसल्यावानी. हे आदी लिवून घ्या बाई, म्हंजी फुडचं कळंल तुमास्नी.

हौसा माझी धाकटी जाऊ. माझा दीर शिवा, त्येची बायकू. रहिमतपुराकडची, बापाची येकुलती येक पोर, गोरीपान, हसरी, मला अक्का अक्का करत मागं फिरायची. आन् सुगरन काय सांगू तुमास्नी! तिनं नुसतं आमटीला फोडनी दिली तरी वळचनीखालची मानसं इचारायची, आज काय केलंय गं. शिवा पलटनीत व्हता, लढाई पेटलेली, लगीन झालं आन् सा म्हैन्यात त्येला बोटीनं लांब मुलखाला धाडला.

मग दुसऱ्या वर्साला तिचं काय तरी बिनसलं. कवा म्हनायची हातात मुंग्या येत्यात, कवा डावा पाय वढत चालायची, येकदा म्हनली अक्का, या डोळ्यानं समदं धुरकट दिसतंय. आन् पंदरा दिसांनी पुन्हा चांगली, चालतीया, दिसतंय. आता तुमीच सांगा, आज लंगडायचं आन् उद्या घागर घिऊन नदीवरनं यायचं, ह्येला कोन आजार म्हनंल? मी म्हनले सोंग हाय, काम चुकवायचं. येकदा दूध उतू जाऊन करपलं, मी पार परड्यातनं वासानं पळत आले, तर ही चुलीम्होरं बसलीया, काकड्या चिरतीया. म्हनलं आगं नाक हाय का काय हाय तुला? ती दचकून उटली आन् पातेलं उतराया धावली.

त्येच्याच मागनं सैपाक बिगडायला लागला. आमटी खारट, कालवन तोंडात धरवंना असं, मिरची तर घशात आग. आमी बोललो की म्हनायची, मी चाकून बगितलंय अक्का, अळनी लागत व्हतं म्हनून वाईच टाकलं. लबाड कुटली! ढीगभर मीठ आन् म्हनं अळनी. आन् टाकून द्यावं तर माझा जीव तुटायचा.

आता खरी गंमत ऐका, गंमत कसली, माझ्या जल्माचा घोर हाय त्यो. आमच्या घरात दर ऐतवारी कुळदेवाचा, नाथाचा निवद. निवदाचं चाकायचं न्हाई, हुंगायचं सुदीक न्हाई, न्हाईतर उष्टा व्हतो. म्हनून आत्याबाईनं आमाला हातानं माप शिकवलेलं, येवड्या डाळीला अशी चिमूट, येवड्या भाजीला येवडं. हौसा ते निवदाचं करायची ते इतकं झ्याक, इतकं झ्याक, की मीठ कनभर बी हिकडं न्हाई का तिकडं न्हाई. आन् सोमवारी पुन्हा आमच्या ताटात खारट ढान! सांगा आता, मानसानं काय समजायचं? देवाला बरोबर आन् घरच्यास्नी वंगाळ. म्या आत्याबाईला बोलून दावलं, म्हनलं हातच्या काकनाला आरसा कशाला, तिला येतंय समदं, तिला आमास्नी छळायचं हाय.

खरं काय व्हतं ठावं हाय का? जवा ती हातानं मापायची तवा बरोबर पडायचं, आन् जवा चाकायची तवा तिला कायच लागायचं न्हाई, म्हनून आनिक टाकायची. तिची जीभ गेलेली. नाक गेलेलं. हे आमाला कुनाला, तिला सुदीक, सपनात आलं न्हाई. आमी म्हनायचो ती लबाड, आन् ती आतल्या आत म्हनायची ही समदी लबाड, अळनी खात्यात आन् मला खारट सांगत्यात.

शिवा सुट्टीवर आला तवा तिनं त्येच्यासाठनं समदं आपल्या हातानं केलं. मी बगत व्हते, दर वक्ताला पळी तोंडाला लावायची, मीठ टाकायची, पुन्हा चाकायची. लई जीव लावून केलं आन् तेच वाटोळं झालं. शिवानं पयला घास घेतला आन् ताट सारलं. लढाईवरनं आलेला गडी, त्येला काय झालं ते कळंना. म्या दाराआडनं बोलले, भावजी, कालच्या निवदाला इचारा मीठ कसं व्हतं, तुमच्या बायकूच्या मनात असलं तर बरोबर पडतंय. बास. तिसऱ्या दिशी त्येनं तिला गाडीत घालून म्हायारी सोडली, आन् परत आनली न्हाई.

लढाई मिटली, शिवा कायमचा घरी आला. तवा येकीवर दुसरी करायला कुनाची आडकाठी नव्हती. म्या माझ्याच चुलतभावाची पोर सुचवली, सुपारी फुटली, आन् लगनाला चार दिस ऱ्हायले आसताना हौसाचा बाप दारात हुबा. गडीमानसं रानात, आत्याबाई देवळात, घरात मी येकली. त्यो पानी सुदीक प्याला न्हाई. म्हनला, पोरीला मिरजंला डाक्तराला दावली, तिचं दोनी पाय लुळं पडल्यात. डाक्तरानं तिच्या जिभंवर मीठ ठिवलं, साकर ठिवली, हिवतापाचं कडूजहर कोयनाल ठिवलं, पोरीला येकाचं बी नाव सांगता आलं न्हाई. शिरांचा आजार हाय म्हनं, पाय, डोळं धरतो तसं कुना-कुनाचं नाक आन् चव बी नेतो. मग म्हनला, बाई, पोरीला परत न्या म्हनत न्हाई मी. शिवाला येवडंच सांगा, ती लबाड नव्हती. त्यो येकदा यिऊन बोलला तरी तिला पुरं.

म्या म्हनलं, सांगते.

आन् न्हाई सांगितलं. काय सांगू, मांडव घातलेला, पोर माझ्या म्हायारची, सांगितलं आन् शिवानं लगीन मोडलं तर माझं तोंड कुटं ऱ्हातं? म्हनलं लगीन हूं दे, मग सांगू. मग म्हनलं पोर हूं दे. चुकीला देव माफी दील हो, आडानी व्हतो. पर ह्येला काय म्हनायचं? ह्यी चूक न्हाई.

येकदा गेल्ते मी तिला बगायला. वाकळंवर पडलेली, हाडं नुसती. म्या शिरा केल्ता, तिनं दोन घास खाल्लं, म्हनली चव न्हाई कळत, पर उनउन हाय, बरं वाटतंय. माझ्यावर राग न्हाई, काय न्हाई. मग हळूच म्हनली, अक्का, माझ्या आबांनी सांगितलेलं तुमी त्येन्ला बोलला का? आन् माझ्या तोंडातनं गेलं, व्हय, बोलले. तिनं मान हलवली, भितीकडं तोंड केलं. म्हंजी त्येला कळलं आन् तरी त्यो आला न्हाई, असंच धरून ती पोर आनिक तीन वर्सं जगली आन् गेली.

तिची माफी आता कुनाकडं मागू? पर शिवा हाय. त्यो अजून म्हनतो, पयली मनानं वाकडी व्हती. म्हातारपनी त्येच्या जिवाला घोर लागंल, माझं तोंड बगनार न्हाई त्यो, न बगू दे. माझी पोरं-नातवंडं सुखी ऱ्हाऊ देत, माझं काय हुयाचं ते हूं दे. त्यो बगा भाईर ओट्यावर बसलाय, काठी घिऊन. तुमी लिवून घेतलंय न्हवं बाई समदं? मग जावा, आदी त्येला वाचून दावा. मोट्यांदा वाचा, त्येला कमी ऐकू येतंय.